पहिला भाग भारी, दुसऱ्यात माती

भयकादंबरीवर बेतलेली टीव्ही मालिका बघायला धैर्य लागत नाही. चार तास लागतात, आणि मध्ये उठून पाणी पिऊन येता येतं. धैर्य लागतं ते ती संपल्यावर, कारण मग मतं सुरू होतात. स्टीफन किंगच्या ‘इट’वरची एबीसी वाहिनीची मालिका १८ आणि २० नोव्हेंबर १९९० अशा दोन रात्रींत आटोपली. तिच्यावरची मतं अजून आटोपलेली नाहीत.

ही मतं ऐकण्याचा मला नाद आहे, आणि कुठल्याही नादाचा होतो तसा याचाही त्रास होतो. मत देणारा तावातावाने दिग्दर्शकाला झोडपत असतो आणि त्याची खरी तक्रार असते घड्याळाबद्दल, नाहीतर जाहिरातींबद्दल, नाहीतर स्वतःच्या वयाबद्दल. दिग्दर्शक बिचारा फुकट मार खातो. कधीकधी तो मार खाण्याच्या लायकीचाही असतो, पण ते वेगळं.

आधी घड्याळ. ‘इट’ ही कादंबरी १९८६ साली आली तेव्हा ११३८ पानांची होती. मालिका जाहिराती वगळून सुमारे १९२ मिनिटांची. भागाकार केला तर एका पानाला १० सेकंद येतात. तेवढ्यात पान उलटून होतं, वाचून होत नाही. तेव्हा ‘केवढं गाळलंय हो!’ ही तक्रार रास्त आहे. फक्त ती करणाऱ्याला विचारावं, की तुम्ही काय काय ठेवलं असतंत? तो लगेच दहा-बारा प्रसंग धडाधड सांगतो, आणि ते सगळे खरोखरच चांगले असतात. मग विचारावं, त्यांच्यासाठी काय काढलं असतंत? इथे तो पाणी प्यायला उठतो.

मूळ बेत आठ-दहा तासांच्या मालिकेचा होता आणि दिग्दर्शक म्हणून जॉर्ज रोमेरोचं नाव होतं. वाहिनीने तास कापत कापत चारवर आणले, रोमेरो बाहेर पडला आणि टॉमी ली वॉलेस आला. त्यातही चार तास म्हणजे वाहिनीचे चार तास, त्यांतला पाऊण तास जाहिरातदारांचा. उरल्या वेळात सात मुलं, तीच सात मुलं मोठी झालेली, एक अख्खं गाव आणि गावाखालच्या गटारात राहणारी युगानुयुगं जुनी आपत्ती एवढं सगळं बसवायचं होतं. बसवलं. चेंगरलं, पण बसलं.

आता उलटं उदाहरण. ‘द शायनिंग’ ही किंगचीच १९७७ची कादंबरी साडेचारशेच्या आतबाहेर पानांची. तिच्यावरची १९९७ची मालिका तीन रात्री चालली आणि जाहिराती वगळून साडेचार तासांची भरली. पानाला ३६ सेकंद. इतका ऐसपैस वेळ मिळाल्यावर प्रेक्षक काय म्हणाले? ‘उगाच लांबवलंय.’ त्याच्याच ‘द स्टँड’ची १९९० साली आलेली वाढीव आवृत्ती साडेअकराशे पानांची, १९९४ची मालिका चार रात्रींची आणि सहा तासांची. पानाला १९ सेकंद. हिच्याबद्दल लोक शेवट सोडला तर बरंच बरं बोलतात. त्याच्याच पिशाच्चकथेवरच्या १९७९च्या ‘सेलम्स लॉट’ला पानामागे २५ सेकंद मिळाले होते, तीही फारशी शिव्या खात नाही. यावरून माझा असा सिद्धांत आहे, की भयप्रेमी प्रेक्षकाची सहनशक्ती पानाला १९ ते २५ सेकंद इतकी असते. त्याच्या खाली गेलात तर ‘गाळलं’, वर गेलात तर ‘ताणलं’. वाहिन्यांनी हा सिद्धांत वापरावा, मी मानधन मागणार नाही.

या मालिकांच्या तारखा एका ओळीत मांडल्या तर आणखी एक गोष्ट दिसते. नोव्हेंबर १९७९, नोव्हेंबर १९९०, मे १९९४, मे १९९५ (किंगचीच ‘द लँगोलिअर्स’), आणि ‘द शायनिंग’ २७ एप्रिल ते १ मे १९९७. अमेरिकेत प्रेक्षकसंख्येची मोठी मोजणी मुख्यतः नोव्हेंबर, फेब्रुवारी आणि मेमध्ये व्हायची आणि स्थानिक केंद्रांचे जाहिरातींचे दर तिच्यावर ठरायचे. भूत अमावास्येला येतं अशी आपली समजूत आहे. अमेरिकन टीव्हीवर ते मोजणीच्या आठवड्यात यायचं.

जाहिरातींनी या मालिकांच्या हाडामांसात काय करून ठेवलंय हे डिस्कवर किंवा ऑनलाइन बघणाऱ्याला कळत नाही, म्हणून त्याची तक्रार मोठी मजेशीर असते. ‘दर दहा-बारा मिनिटांनी कोणीतरी दार उघडतं, डोळे विस्फारतं, संगीत चढतं, काळोख होतो. परत उजेड होतो तर सगळे जेवताहेत!’ अहो, मध्ये तीन मिनिटं साबण होता. दोन तासांचा टीव्ही चित्रपट सहसा सात अंकांत लिहिला जायचा. पहिला अंक सगळ्यात लांब, म्हणजे प्रेक्षक रुजतो आणि दुसरी वाहिनी लावत नाही. पुढचे अंक आखूड. आणि प्रत्येक अंकाच्या टोकाला एक दचका हवा, कारण जाहिराती चालू असताना माणसाने खुर्चीत परत यायला पाहिजे. आता दार उघडल्यावर दर वेळी काहीतरी भयंकरच दिसलं तर सात अंकांत सगळी पात्रं संपतील. त्यामुळे सातांपैकी चार-पाच दचके खोटे. मांजर, वारा, नवरा. डिस्कवर साबण गेला आणि दचके तेवढे उरले. लेखकाला दचकवता येत नाही असं मत त्यातून तयार होतं, आणि ते देणारा माणूस शेवटच्या अर्ध्या तासातले तुकडे पाच-सात मिनिटांत का संपतात याचंही खापर संकलकावर फोडतो.

रक्ताचंही तसंच. प्रत्येक मोठ्या वाहिनीकडे ‘स्टँडर्ड्स अँड प्रॅक्टिसेस’ नावाचा विभाग असतो. तो आधी पटकथा वाचतो, मग कच्चं संकलन बघतो, आणि काय दिसू द्यायचं ते ठरवतो. चित्रपटगृहात चालणारं यातलं निम्मं रात्री नऊ वाजता दिवाणखान्यात चालत नाही. ‘रक्तच नाही, मग कसली भीती?’ असं म्हणणाऱ्याने ‘सेलम्स लॉट’मधली खिडकी बघावी. मेलेला लहान मुलगा रात्री धुक्यातून तरंगत वरच्या मजल्याच्या खिडकीशी येतो, काच नखांनी खरवडतो आणि हसतो. बस, एवढंच. रक्ताचा थेंब नाही. दिग्दर्शक टोबी हूपरने मुलाला तारांवर टांगलं नाही, कारण तारांवरचा माणूस लोलकासारखा झुलतो आणि प्रेक्षकाचा डोळा ते लगेच पकडतो. त्याने मुलाला क्रेनच्या दांड्याच्या टोकाशी बांधलं आणि दृश्य उलटं चित्रित केलं. पडद्यावर ते सुलटं करून दाखवलं की धुकं पसरायच्या ऐवजी मागे ओढल्यासारखं सरकतं. काय बिनसलंय ते बघणाऱ्याला सांगता येत नाही, पण मानेवरचे केस उभे राहतात. या दृश्याबद्दल आजही जे मत ऐकू येतं ते जवळजवळ तक्रारीच्या सुरात असतं: काही दाखवलं नाही आणि झोप मात्र गेली.

याच मालिकेवरून प्रेक्षकांचे दोन तट पडतात. कादंबरीतला बार्लो हा पिशाच्च असला तरी बोलका आहे, सुसंस्कृत, टोमणे मारणारा. मालिकेतला बार्लो निळसर, टकला, उंदरासारख्या दातांचा आणि मुका. हा बदल निर्माता रिचर्ड कोब्रिट्झचा. बोलायचं काम त्याने बार्लोचा साथीदार स्ट्रेकर याच्याकडे दिलं, आणि ती भूमिका जेम्स मेसनकडे. वाचक म्हणतात, आमच्या सभ्य गृहस्थाचं जनावर केलं. न वाचलेले म्हणतात, असल्या चेहऱ्याला बोलायची काय गरज आहे? माझं मत कोब्रिट्झच्या बाजूने. छोट्या पडद्यावर खुर्चीत बसून छान बोलणारा पिशाच्च मुलाखत देतोय असं वाटतं. थोड्या वेळाने त्याची बाजूही पटायला लागते.

‘सेलम्स लॉट’वरून वाद घालण्याआधी मात्र समोरच्याला मिनिटं विचारून घ्यावीत. मूळ मालिका तीन तासांच्या वर आहे. तीच कापून युरोपात चित्रपटगृहांसाठी ११२ मिनिटांची आवृत्ती काढली होती. एक जण म्हणतो गाव काय सुंदर उभं केलंय, दुसरा म्हणतो गाव होतंच कुठे. दोघंही खरं बोलत असतात. तासभर भांडल्यावर कळतं, की तो तासच मधून गायब होता.

आता मूळ दुखण्याकडे येतो. जगात कुठेही, कुणालाही ‘इट’बद्दल विचारा, पहिलं वाक्य ठरलेलं: पहिला भाग भारी, दुसऱ्यात माती खाल्ली. हे मत इतकं सार्वत्रिक आहे की ते देणाऱ्याला ते आपलं स्वतःचं वाटतं. आणि ते खरं असल्यामुळे जास्तच त्रास होतो, कारण चूक असतं तर खोडून काढता आलं असतं.

माती का खाल्ली, हे मात्र कोणी सांगत नाही. ‘बजेट संपलं’ एवढं सांगून मोकळे होतात. बजेट हे अर्धवट उत्तर आहे. पहिलं कारण मांडणीतलं. कादंबरीत दोन काळ एकमेकांत विणलेले आहेत: १९५८ सालची मुलं आणि १९८५ सालची तीच माणसं. मालिकेने हे काळ १९६० आणि १९९० केले. तिथवर ठीक. पण दोन रात्री हातात असल्यावर पटकथा कुठेतरी तोडणं भाग होतं, आणि लॉरेन्स कोहेनने ती जिथे तोडली त्याहून बरी जागा मला अजून सुचलेली नाही. पहिल्या रात्री एकेकाला फोन येतो, एकेकाला बालपण आठवतं, आणि त्या आठवणींत गटार, फुगे, रक्त उसळणारं बेसिन असा सगळा चांगला माल खर्च होतो. दुसऱ्या रात्री उरतात चाळिशीतली माणसं. ती जेवायला बसतात, एकमेकांना आठवण करून देतात आणि आपल्याला परवा रात्रीच माहीत झालेल्या गोष्टींनी चकित होतात.

लहान मुलाला भुतापुढे उभं केलं की प्रेक्षक पुढे सरकून बसतो. यशस्वी वास्तुरचनाकाराला त्याच भुतापुढे उभं केलं की तोच प्रेक्षक म्हणतो, अरे, विमान पकड आणि घरी जा ना. तुझ्याकडे तिकिटाचे पैसे आहेत.

त्यात नटांची भर. टीव्हीने टीव्हीवरचेच चेहरे घेतले. मोठेपणीच्या मंडळींत जॉन रिटर आणि हॅरी अँडरसन होते, दोघंही विनोदी मालिकांनी घरोघरी पोहोचलेले. वाहिनीच्या दृष्टीने हे बरोबरच होतं, कारण मोजणीच्या आठवड्यात ओळखीचा चेहरा लागतो. पण मग अंधारात शिरलेल्या माणसाकडे बघून ‘हा आता काहीतरी मजेशीर बोलेल’ असं वाटत राहतं. ‘सेलम्स लॉट’च्या नायकाला लोक पोलीस मालिकेतला म्हणून ओळखत होते, ‘द शायनिंग’च्या नायकाला विमानतळावरच्या विनोदी मालिकेतला म्हणून. ‘तो या भूमिकेत शोभत नाही’ हे मत बहुतेक वेळा ‘तो मला दुसऱ्या भूमिकेत आवडत होता’ असं असतं.

आणि मग तो कोळी. सगळी वाट चालून, सगळं गटार तुडवून मंडळी शेवटी त्या आपत्तीपुढे पोहोचतात आणि ती निघते एक भला मोठा कोळी. डोंगर पोखरून उंदीर निघाला असता तरी लोकांनी चालवून घेतलं असतं. कादंबरीतही कोळीच आहे, हे न वाचलेल्यांना सांगितलं की त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होतो. फरक एवढाच, की कादंबरी सांगते: ते रूप प्रत्यक्षात काय आहे ते माणसाच्या मनाला पेलणारच नाही, कोळी हा मनाला जमलेला त्यातल्या त्यात जवळचा आकार. शब्दांत हे सांगता येतं. ‘जणू’ हा शब्द छापायला काही खर्च येत नाही. कॅमेऱ्याला ‘जणू’ दाखवता येत नाही. त्याच्यापुढे जे ठेवाल ते दिसतं, आणि ठेवलेला होता सांध्यांमध्ये आखडणारा कोळी, ज्याला मध्यमवयीन मंडळी शेवटी हातांनीच कलंडवतात. त्याहून मोठं नुकसान म्हणजे कोळी आला की त्याच आपत्तीचं विदूषकाचं रूप रंगवणारा टिम करी जातो. जवळजवळ तीन तास ज्या विदूषकाने मालिका एकट्याने ओढली, तोच शेवटच्या लढाईला गैरहजर. ऐन अंतिम सामन्यात मुख्य खेळाडू बाकावर बसवावा, तसं झालं. माझ्या मते दुसऱ्या भागाचं अर्धं अपयश या गैरहजेरीत आहे.

हा ‘जणू’चा घोटाळा ‘द स्टँड’मध्येही आहे. कादंबरीच्या शेवटी आकाशातला विजेचा लोळ पाहून एक जण ओरडतो, देवाचा हात! त्याला तो हातासारखा दिसतो, आणि वाचकाला त्याच्यासारखं पाहायचं की नाही ही मोकळीक राहते. १९९४च्या मालिकेत खराखुरा चमचमता हात आला, बोटांसकट. सहा तास मन लावून बसलेले लोक त्या बोटांपाशी उठले ते उठलेच.

बजेटवाल्यांना गप्प करायला माझ्याकडे एक हुकमी पत्ता आहे. ‘इट’वर पुढे दोन मोठे चित्रपट आले. २०१७ सालच्या पहिल्यात फक्त मुलं, २०१९ सालच्या दुसऱ्यात मोठी झालेली माणसं. पैसा मुबलक, संगणक ताकदवान, नट नामांकित. आणि मत काय आलं? पहिला भाग भारी, दुसऱ्यात माती. त्या दुसऱ्या चित्रपटात स्वतः किंग जुन्या वस्तूंचा दुकानदार म्हणून येतो आणि लेखक असलेल्या नायकाला तोंडावर सांगतो, की तुझ्या पुस्तकाचा शेवट आपल्याला आवडला नाही. इतका मोठा कबुलीजबाब पडद्यावर येऊनही लोक अजून दिग्दर्शकालाच धरतात.

‘द शायनिंग’ची भानगड वेगळी. तिथे तुलना पुस्तकाशी कमी आणि स्टॅनली क्यूब्रिकच्या १९८० सालच्या चित्रपटाशी जास्त. किंगला तो चित्रपट आवडला नव्हता आणि त्याने ते लपवलंही नव्हतं. मालिका करायला परवानगी मिळावी म्हणून त्याला लेखी कबूल करावं लागलं, की क्यूब्रिकच्या चित्रपटावर जाहीर टीका यापुढे बंद. सूट फक्त एका मुद्द्याची: जॅक निकल्सनचा नायक हॉटेलात पाऊल टाकायच्या आधीच वेडा वाटतो. म्हणजे लेखकाला स्वतःच्या कादंबरीवरच्या चित्रपटाबद्दल एकच मत ठेवायची मुभा होती. प्रेक्षकांशी असला करार करायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही, याचं मला राहून राहून वाईट वाटतं.

मग किंगने स्वतः पटकथा लिहिली, मिक गॅरिसने दिग्दर्शन केलं, आणि चित्रीकरण झालं कोलोराडोतल्या एस्टेस पार्कच्या स्टॅनली हॉटेलात, जिथे राहून किंगला ही कादंबरी सुचली होती. याहून निष्ठावान रूपांतर कसं असणार? चित्रपटातल्या कुऱ्हाडीच्या जागी पुस्तकातला लांब दांड्याचा हातोडा आला. झाडांच्या चक्रव्यूहाच्या जागी पुस्तकातले झुडपं कातरून केलेले प्राणी आले. नायक थंडीने गोठून मरायच्या ऐवजी पुस्तकातला बॉयलर फुटला. आणि प्रेक्षक म्हणाले: कुऱ्हाड कुठाय?

हातोड्याबद्दल मी भांडायला तयार आहे, तो वाईट नाही. झुडपांच्या प्राण्यांबद्दल नाही. ते प्राणी पुस्तकात भयंकर आहेत, कारण आधी ते हलताना दिसतच नाहीत. मान वळवली, परत पाहिलं, तर सिंह एक पाऊल पुढे. वाचकाची मान लेखकाच्या हातात असते. मालिकेतही नजर वळवून जागा बदलण्याची युक्ती चालते तोवर गंमत आहे. मग १९९७च्या संगणकाने ते खरोखर चालवून दाखवले आणि पानांचा सिंह पानांच्या सिंहासारखा चालला.

‘द लँगोलिअर्स’बद्दल फार बोलण्यासारखं नाही. १९९५च्या मालिकेत तीन तासांतला बराच वेळ ओस पडलेल्या विमानतळावर दुरून एक कुरतडल्यासारखा आवाज येत राहतो. एक पात्र कागदाच्या पट्ट्या फाडत बसतं, आणि तो टरकन आवाज त्या आवाजात मिसळतो. उत्तम. मग आवाज करणारे येतात: दात असलेले गोल गोळे. संगणकाचा तो काळ विचारात घेऊनही ते गोळेच. आवाज होता तोवर बरं चाललं होतं, हे यावरचं सार्वत्रिक मत आहे आणि त्याला माझी सही घ्यावी.

ब्रिटिश प्रेक्षकांना यातलं काही सांगू नका, ते ‘द वुमन इन ब्लॅक’ काढतात. सुझन हिलची १९८३ची कादंबरी, नायजेल नीलची पटकथा, आयटीव्हीवर २४ डिसेंबर १९८९च्या रात्री दाखवलेली. एकच भाग, त्यामुळे दुसऱ्यात माती खायची सोयच नाही. बाई बहुतेक वेळ लांब उभी राहते, आणि ती एकदा जवळ येते त्याबद्दल लोक आजही खालच्या आवाजात बोलतात. पण तिथेही मतं आहेतच. नीलने नायकाचं आडनाव किप्सचं किड केलं आणि कुत्र्याचं लिंग बदललं. कुत्र्यावरून भांडणारे लोक मला मनापासून आवडतात, कारण त्यांनी बाकी सगळं मान्य केलेलं असतं. याच टीव्ही चित्रपटातला नायक एड्रियन रॉलिन्स पुढे हॅरी पॉटरचा बाप झाला आणि २०१२च्या चित्रपटात तीच नायकाची भूमिका डॅनियल रॅडक्लिफने केली. बापलेकांना एकाच बाईने छळल्याचं दुसरं उदाहरण निदान मला ठाऊक नाही.

वयाचं राहिलं. ‘लहानपणी पाहिली तेव्हा हादरलो होतो, आता पाहिली तर हसू आलं’ हे मत देणारा स्वतःला फार समतोल समजतो. वस्तुतः त्याने दोन वेगळ्या गोष्टी पाहिल्या. या मालिका दिवा चालू असलेल्या खोलीतल्या लहान टीव्हीसाठी केल्या होत्या. त्या संचावर गडद सावली टाकली की नुसता चिखल दिसायचा, म्हणून चित्रीकरणातच सगळीकडे सढळ उजेड. तोच उजेड आज भिंतभर पडद्यावर आला की भुताच्या कपाळावरची रबराची कड दिसते. मालिका फिल्मवर चित्रित झालेली असेल तर नवीन प्रत जितकी स्वच्छ तितका घात, कारण रंगभूषाकाराने जे झाकलं होतं ते जुना टीव्ही झाकून घेईल या भरवशावर झाकलं होतं.

तेव्हा मत बनवायचंच असेल तर निदान यंत्र तरी नीट लावावं. या मालिकांचं चित्र चारास तीन या प्रमाणात असतं. डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या दिसणारच, त्यांना हात लावू नका. पडदा भरावा म्हणून चित्र आडवं ताणलं की विदूषक रुंद होतो, आणि रुंद विदूषकाला कोणी घाबरत नाही. ताणायच्या ऐवजी ‘झूम’ केलंत तर चित्राच्या उंचीचा बरोबर चौथा हिस्सा कापला जातो. वरून फुगा जातो, खालून गटार. मग ‘चौकट नीट धरलेली नाही’ असं मत देऊ नये. हालचाल गुळगुळीत करणारी सोय टीव्हीच्या चित्राच्या मेनूत असते, ती बंद करा, नाहीतर १९७९चं पिशाच्च काल दुपारी शेजारच्या खोलीत चित्रित केल्यासारखं दिसतं. चकाकी थोडी उतरवा, खोलीत एक दिवा राहू द्या. अंधार करून बघितलं की रबर जास्त दिसतं. आणि दोन भाग सलग बघू नका. ‘इट’च्या दोन रात्रींमध्ये एक रात्र मोकळी होती. त्या रात्रीत लोकांनी आपापल्या मनात जो शेवट रचला तो कोळ्यापेक्षा कितीतरी बरा असणार, पण ती मोकळी रात्र न घेता सलग तीन-सव्वातीन तास बसलात तर शेवटच्या तासात तुमची कंबर मत द्यायला लागते.

यंत्र लावलंत तरी शेजारी कोण बसलंय त्यावर बरंच अवलंबून आहे. पुस्तक वाचलेला शेजारी दोन प्रकारचा. एक आधी सांगतो, ‘आता बघ हं.’ दुसरा नंतर सांगतो, ‘हे नव्हतं.’ पहिला जास्त वाईट, कारण तो सांगतो ते बहुतेक वेळा गाळलेलं असतं आणि तुम्ही उगाच श्वास रोखून बसता.

प्रत्येक मताला अखेर एक तोडगा सुचवला जातो: पुन्हा करा, नीट करा, वेळ घेऊन करा. ‘द स्टँड’च्या बाबतीत हा तोडगा अमलात आला. चार रात्रींत कोंबलं म्हणून हळहळणाऱ्यांसाठी २०२० साली नऊ भागांची नवी मालिका सुरू झाली. गोष्ट मागेपुढे उड्या मारत सांगितली होती, तेव्हा लोक म्हणाले, जुनी सरळ सांगत होती तीच बरी. आकाशातला हात काढून विजांचा लोळ ठेवला, तेव्हा म्हणाले, हात निदान लक्षात तरी राहिला होता. शेवटचा भाग किंगने स्वतः लिहिला आणि त्यात कित्येक वर्षं मनात घोळत असलेला नवा शेवट जोडला. कादंबरी त्याची, पात्रं त्याची आणि लेखणीही त्याचीच. तो भाग संपता संपता शेजारून आवाज आला: ‘पण पुस्तकात असं नव्हतं.’